गाठ मारण्यापूर्वी : दोरबंधनातील सुरक्षिततेचा विचार

प्रौढ जोडीदारांनी परस्परसंमतीने एकमेकांना दोराने बांधणे, या विषयावर मराठीत उघडपणे फारसे लिहिले जात नाही. त्यामुळे ज्यांना कुतूहल असते, ते चित्रफिती पाहून थेट दोर हाती घेतात. चित्रफितीत बांधणी दिसते, तिच्यापूर्वीची तयारी दिसत नाही. इजा टळते ती मात्र याच तयारीमुळे.

जगभर ‘शिबारी’ किंवा ‘किन्बाकू’ या नावांनी ओळखला जाणारा हा प्रकार जपानमधला. ‘शिबारी’ म्हणजे बांधणे, ‘किन्बाकू’ म्हणजे घट्ट बांधणे. एदो काळात कैद्यांना जखडण्यासाठी ‘होजोजुत्सू’ हे तंत्र वापरले जाई. पुढे इतो सेइयू (१८८२-१९६१) या चित्रकाराने जुन्या शिक्षांवरून स्फुरलेली चित्रे काढली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर काही मासिकांतून या बंधनाला शृंगाराचे रूप आले. मुळात हे तंत्र कैद्याच्या सुखासाठी घडलेले नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवे. त्यातील सुरक्षितता आपोआप येत नाही, ती जाणीवपूर्वक आणावी लागते.

खरा धोका मज्जातंतूंना

दोर आवळला की रक्तप्रवाह अडेल, अशी भीती बहुतेकांना वाटते. हात निळसर किंवा थंड पडला तर ते डोळ्यांना दिसते, स्पर्शाला कळते. मज्जातंतूवर आलेला दाब मात्र दिसत नाही. त्वचेचा रंग अजिबात न बदलताही मज्जातंतूला इजा होऊ शकते.

दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून बाहेरच्या बाजूने खाली उतरणारा मज्जातंतू यात सर्वाधिक जोखमीचा. त्यावर दाब आला तर मनगट वर उचलता येत नाही, हात लुळा लोंबतो. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोपलेल्या माणसाला जागे झाल्यावर हाच अनुभव येतो. अशी इजा भरून यायला कधी काही दिवस, तर कधी अनेक महिने लागतात. कोपराची आतली बाजू, मनगट, काख आणि गुडघ्याखालची बाहेरची बाजू याही जागा नाजूक आहेत. मान तर पूर्णपणे वर्ज्य. गळ्याभोवती दोर कोणत्याही कारणाने येता कामा नये.

मुंग्या, बधिरपणा, विजेसारखी कळ किंवा अशक्तपणा यांपैकी काहीही जाणवताच दोर सोडावा. ‘आणखी थोडा वेळ’ हा विचार इथे महागात पडतो.

आधी बोलणे

बांधण्यापूर्वी दोघांनी शांतपणे बसून बोलावे. काय चालेल, काय चालणार नाही, किती वेळ, शरीराचा कोणता भाग, छायाचित्रे काढायची की नाही, हे सारे आधी ठरावे. मधुमेह, दमा, अपस्मार, गर्भावस्था, सांध्यांचे विकार, जुनी दुखापत, रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती लपवू नये. मधुमेहात संवेदना कमी झालेली असू शकते. अशा वेळी शरीराची धोक्याची सूचनाच उशिरा मिळते.

खुणेचे शब्दही ठरवावेत. रस्त्यावरच्या सिग्नलचे रंग सर्वांच्या परिचयाचे आहेत : ‘पिवळा’ म्हणजे सावकाश, ‘लाल’ म्हणजे तत्काळ सोडणे. बोलणे जमले नाही, तर हातातील चेंडू खाली टाकणे ही खूण ठेवता येते. संमती एकदा दिली म्हणजे कायमची दिली, असे होत नाही. ती कोणत्याही क्षणी मागे घेता येते, आणि हे पती-पत्नींनाही तितकेच लागू आहे.

मद्य किंवा अन्य नशा दोघांनीही टाळावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ नुसार भीतीपोटी दिलेली, किंवा नशेमुळे कृतीचे स्वरूप व परिणाम न समजता दिलेली संमती ही संमती ठरत नाही. कलम २५ मधील संमतीचे संरक्षणही अठरा वर्षांवरील व्यक्तीपुरते आहे आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत संभवते अशा कृत्यांना ते मिळत नाही.

साहित्य आणि पहिली गाठ

जपानी पद्धतीत साधारण सहा मिलिमीटर जाडीचा तागाचा दोर वापरतात. आपल्याकडचा सुंभ त्वचा सोलून काढतो. नायलॉनवर गाठ सरकते आणि वेगाने ओढल्यास त्वचा भाजते. नवख्यांना मऊ सुती दोर बरा, मात्र त्याची गाठ ताणाने आवळून बसते. ताग पावसाळ्यातील दमट हवेत बुरसतो, म्हणून तो वापरल्यावर सुकवून ठेवावा.

दोराहून महत्त्वाची वस्तू म्हणजे कात्री. बँडेज कापण्याची बोथट टोकाची कात्री औषधांच्या दुकानात मिळते. ती हाताच्या अंतरावर असावी आणि त्याच दोराचा एक तुकडा तिने आधी कापून पाहावा. चाकू वापरू नये. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे.

पहिल्या वेळी एकच मनगट किंवा दोन्ही मनगटे समोर बांधणे पुरेसे आहे. वेढे एकमेकांवर न चढवता शेजारी-शेजारी सपाट ठेवावेत, म्हणजे दाब विभागला जातो. त्वचा आणि दोर यांत एक-दोन बोटे सहज शिरावीत. ओढल्यावर आवळत जाणारा फास नको. वेढे आवळू न देणारी आणि पटकन सुटणारी गाठ हवी. बांधलेली व्यक्ती बसलेली किंवा आडवी असावी. उभ्याने भोवळ आली तर हातांनी सावरता येत नाही. पालथे निजवून हात मागे बांधल्यास श्वास कोंडू शकतो. टांगण्याचा विचार तर अनुभवी शिक्षकाकडून दीर्घकाळ शिकल्याशिवाय करूच नये.

दर काही मिनिटांनी बोटे पसरायला आणि मनगट वर उचलायला सांगावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. बांधलेल्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये.

सोडल्यानंतर

दोर सावकाश सोडावा, पाणी द्यावे, जवळ बसावे. मन हळवे होणे स्वाभाविक आहे. बधिरपणा किंवा अशक्तपणा राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि कारण संकोच न करता सांगावे. शुद्ध हरपली किंवा श्वासाला त्रास झाला, तर आधी दोर कापावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लाजेपायी गेलेला वेळ मज्जातंतूला परत मिळत नाही.