आष्टीहून कॅनडाच्या पीआरकडे

कॅनडात कायमस्वरूपी निवासासाठी (पीआर) असलेली एक्स्प्रेस एंट्री ही पद्धत गुणांवर चालते. वयाचे पूर्ण 110 गुण (अविवाहितास) 20 ते 29 या वयातच मिळतात. तिशीपासून ते दरवर्षी घटतात आणि पंचेचाळिशीत शून्य होतात. वय काही आपल्या हातात नाही, इंग्रजी मात्र आहे. आयईएलटीएस जनरलमध्ये श्रवणात 8 आणि वाचन, लेखन, संभाषणात प्रत्येकी 7 मिळाले, तर पदवी आणि अनुभवाचे जोडगुणही वाढतात. फ्रेंच चांगली आली तर आणखी 50 पर्यंत. एखाद्या प्रांताने नामांकन दिले तर थेट 600!

मार्च 2025 पासून नोकरीच्या ऑफरचे गुण बंद झाले आहेत. तेव्हा गुण वाढवतो म्हणून ऑफर लेटर विकणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लावावे.

या अर्जातल्या पदवी तपासणीसाठी ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच लागते. आष्टीत शिकलेल्यांनी छत्रपती संभाजीनगर गाठावे. नगरला पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात शिकलेल्यांनी पुणे. दहावीची सनद, पासपोर्ट आणि पदवीवरचे नाव अक्षरशः एकच आहे ना, हे मात्र आधी पाहावे. वडिलांचे नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, हा घोळ आपल्याकडे फार.