पेटीत स्फोट झाला तरी चालेल

दक्षिण वेल्समधल्या सेंघेनिद गावच्या युनिव्हर्सल कोळसा खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी सकाळी आठच्या सुमारास स्फोट झाला. ४३९ खाणकामगार आणि बचावासाठी उतरलेला एक जण त्यात गेला. ब्रिटनच्या इतिहासात याहून मोठा खाण-अपघात झालेला नाही. याच खाणीत १९०१ मध्ये ८१ जण दगावले होते, म्हणजे धोका कुणाला ठाऊक नव्हता असंही नाही. नियमभंगाबद्दल व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला. खाणीतला मिथेन वायू नेमका कशानं पेटला ते चौकशीत शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, पण संशयितांमध्ये विजेची एक घंटी होती.

या घंटीची रचना अगदी साधी असे. बोगद्याच्या कडेनं दोन उघड्या तारा ओढलेल्या असत. कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या इंजिनवाल्याला इशारा द्यायचा असेल, तर जिथं असू तिथं चाकू किंवा कानस दोन्ही तारांना टेकवायची, की दूरवर घंटी वाजे. सगळा कारभार बॅटरीच्या थोड्या सेलवर चाले, हात लावला तरी झटका बसत नसे. माणसाला जी वीज जाणवतही नाही, ती वायूला काय पेटवणार, असा हिशेब त्यामागे होता.

तो हिशेब चुकीचा होता. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो. साडेनऊ टक्क्यांच्या आसपास तर त्याला नुसतं निमित्त पुरतं. तांदळाचा एक दाणा मीटरभर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, साधारण तेवढीच ठिणगीत असली तरी काम होतं. वायूच्या स्फोटानं जमिनीवरची कोळशाची भुकटी उडते, मग ती भुकटीच पेटते आणि आग बोगद्यांमधून धावत सुटते. मोठ्या अपघातांत बहुतेक बळी या दुसऱ्या टप्प्यात जातात.

घंटीतली खोच व्होल्टमध्ये नव्हती, तारेच्या वेटोळ्यात होती. घंटीच्या विद्युतचुंबकातून प्रवाह वाहतो तेव्हा त्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. तारांवरची कानस उचलली की प्रवाह तुटतो आणि ती साठलेली ऊर्जा तुटण्याच्या जागी ठिणगी होऊन बाहेर पडते. न्यूकॅसलचे प्राध्यापक थॉर्नटन आणि रसायनज्ञ व्हीलर यांनी असले प्रवाह तोडून, वायू पेटतो का ते पाहिलं. बॅटरी किती लहान आहे याला फारसा अर्थ नाही, मंडलात किती ऊर्जा साठते त्याला आहे, हे त्यातून पुढे आलं. उपायही स्वस्तातला होता: वेटोळ्याला समांतर एक रोध जोडायचा, म्हणजे साठलेली ऊर्जा त्यातच जिरते.

'इन्ट्रिन्सिकली सेफ' म्हणजे अंगभूत सुरक्षित उपकरणांची सुरुवात इथं झाली. तार तुटली, दोन तारा एकमेकींना चिकटल्या, आतला एखादा भाग बिघडला, तरी वायू पेटेल एवढी ऊर्जा त्या मंडलात मुळी असूच द्यायची नाही. खाणीतला मिथेनमापक, टेलिफोन, सेन्सर हे सगळे या घराण्यातले. मला ही कल्पना विजेच्या सुरक्षेतली सर्वांत सुंदर कल्पना वाटते, कारण ती कुणाच्या सावधपणावर फारशी विसंबत नाही.

पण इतक्या कमी ऊर्जेत घंटी वाजते, कोळसा हलत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरसारख्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) भुयारी खाणी घ्या किंवा झरियातल्या, कोळसा उचलणारा लोडर किंवा पाणी उपसणारा पंप चालवायला शेकडो व्होल्ट लागतात. तिथं ठिणगी टाळता येत नाही. स्विच उघडला की ती पडणारच. मग मोटर आणि स्विच हवाबंद पेटीत का ठेवू नयेत? कारण मोटरचा दांडा पेटीबाहेर यावाच लागतो आणि तो फिरायचा तर भोवती फट हवी. शिवाय मोटर तापली की आतली हवा फुगून बाहेर जाते, थंड झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिथेनसकट.

जर्मनीत गेल्सेनकिर्शेनला कार्ल बाइलिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोग केले आणि प्रश्नच उलटा केला. वायू आत जाऊ दे, पेटीत स्फोटही होऊ दे. तो दाब सोसेल इतकी पेटी जाड करायची आणि झाकणाचा सांधा रुंद, गुळगुळीत नि अगदी चिंचोळ्या फटीचा ठेवायचा. त्या फटीतून बाहेर पडताना तप्त वायूची उष्णता दोन्ही बाजूंचं लोखंड शोषून घेतं आणि बाहेर येतो तो वायू बाहेरचं मिश्रण पेटवण्याइतका गरम राहत नाही. खाणकामगारांच्या डेव्ही-दिव्यातली ज्योतीभोवतीची जाळी १८१५ पासून हेच काम करत होती. मिथेनसाठी २५ मिलिमीटर रुंद सांध्यात १.१४ मिलिमीटरपर्यंतची फट ज्वाला अडवते. प्रत्यक्षात खाणीतल्या मोठ्या पेट्यांना अशा सांध्यात अर्धाच मिलिमीटर मुभा असते. याला फ्लेमप्रूफ म्हणतात. चाचणीत पेटीच्या आत आणि बाहेर स्फोटक मिश्रण भरून आतलं पेटवतात. बाहेरचं शांत राहिलं पाहिजे. आपल्याकडे अशा चाचण्या धनबादच्या केंद्रीय खनन आणि इंधन संशोधन संस्थेत होतात, आणि मंजुरी खाण सुरक्षा महासंचालनालय देतं.

पेटीपेक्षा केबलचं दुखणं मोठं. लोडरमागे फरपटणारी केबल दगडाखाली चेंगरते, चाकाखाली येते. म्हणून तिच्यातल्या प्रत्येक वीजवाहक तारेभोवती अर्थला जोडलेलं धातूचं आवरण असतं. खिळा घुसला तर दोन फेजमध्ये भडका उडण्याआधी प्रवाह अर्थकडे वळतो, आणि तो प्रवाहही एक अँपिअरच्या आत रोखून वीज तोडली जाते. केबलमध्ये 'पायलट' नावाची एक बारीक तारही असते. प्लग ओढला की आधी ती तुटते, आणि मुख्य जोड सुटण्यापूर्वीच वीज गेलेली असते. हवेतला मिथेन १.२५ टक्क्यांवर गेला, तर त्या भागाची वीज बंद करायचीच असा नियम आहे. म्हणजे पेटण्याच्या मर्यादेच्या चौथ्या हिश्श्यावरच.

इतकं सगळं असूनही फ्लेमप्रूफ पेटी शेवटी फिटरच्या हातात असते. प्रयोगशाळेतून पास झालेली पेटी पुढची कित्येक वर्षं ओलसर अंधारात काढते. सांध्यावर गंज चढतो, झाकण काढताना पान्याचा ओरखडा पडतो, बारापैकी एक बोल्ट हरवतो आणि उरलेल्या अकरांवर काम भागवलं जातं. कधी पाणी झिरपू नये म्हणून कुणीतरी भल्या हेतूनं झाकणाखाली रबराची पट्टी बसवतो. तीच सर्वांत घातक, कारण झाकण तेवढं वर उचललेलं राहतं आणि आत स्फोट झालाच तर रबर उडून जातं, मागे उरते ती मोजमापाबाहेरची फट. म्हणून तपासणीला जाणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या खिशात टेस्टरइतकाच फीलर गेज लागतो: सांध्याभोवती फिरवायचा आणि ठरल्या जाडीची पात कुठं आत शिरली, तर ती पेटी बंद करून वर पाठवायची.