फिगारोची शिंगं आणि झाडीपट्टीचा ऑर्गन

दिवाळी सरली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात. दिवसा दंडार आणि खडी गंमत, रात्री नाटक. नाटकाच्या मंचापुढं वादकांची बैठक असते. त्यात ऑर्गन, तबला आणि अलीकडे ऑक्टोपॅड. अशा मुलखात ‘मोझार्टचा विनोदी ऑपेरा जुन्या वाद्यांवर’ असा विषय काढला, तर ‘त्याचं आपल्याले का करा लागते?’ असं कुणीही विचारेल. विचारावंच. पण युरोपातल्या मंडळींनी गेल्या पन्नासेक वर्षांत मोठ्या खटपटीनं जे पुन्हा जुळवलं, त्यातलं बरंचसं आपल्याकडे अजून मोडलेलंच नाही. म्हणून या विषयाभोवतीचे गैरसमज साकोली-लाखांदूरकडे बसून जरा जास्त स्पष्ट दिसतात.

आधी मूळ गोष्ट. ‘ले नोत्से दि फिगारो’, म्हणजे ‘फिगारोचं लग्न’, हा मोझार्टचा विनोदी ऑपेरा 1 मे 1786 रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा झाला. शब्द लोरेन्झो दा पोन्ते याचे, मूळ नाटक फ्रेंच लेखक बोमार्शे याचं. याची ध्वनिमुद्रणं ढिगानं आहेत. त्यातलं 2004 साली निघालेलं एक विशेष गाजलं. संचालक बेल्जियमचे रेने याकोब्स, वाद्यवृंद ‘कोन्चेर्टो क्योल्न’, कंपनी ‘हार्मोनिया मुंडी’. त्याला ग्रामी मिळालं आणि ‘ग्रामोफोन’ मासिकानं त्या वर्षीचं सर्वोत्तम ध्वनिमुद्रण म्हणून त्याची निवड केली. वाद्यं सगळी मोझार्टच्या काळच्या बनावटीची. इथूनच गैरसमज सुरू होतात.

‘जुनी वाद्यं म्हणजे संग्रहालयातल्या कपाटातून काढलेली वाद्यं’

एखादं व्हायोलिन खरोखर अडीचशे वर्षांचं असू शकतं. पण अशा वाद्यवृंदातली बरीच वाद्यं आजच्या कारागिरांनी जुन्या नमुन्यावरून घडवलेली असतात. महत्त्व बनावटीला आहे, वयाला नाही. तारा मेंढीच्या आतड्याच्या. त्या सतत तुटतात आणि नव्या चढवाव्या लागतात. बासरी लाकडी. पियानोच्या जागी फोर्तेपियानो. त्याची चौकट लाकडाची, हातोड्या हलक्या, त्यावर चामडं, आणि सूर उमटला की लगेच विरतो. पट्टीही थोडी खाली असते. आज मध्यसप्तकातला ‘ए’ 440 कंपनांचा मानतात, ही मंडळी साधारण 430 धरतात. फरक पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहूनही कमी. कान तयार नसेल तर कळणारही नाही, पण गाणाऱ्याच्या गळ्याला कळतो.

‘जुनं वाद्य म्हणजे अपुरं वाद्य’

हा सगळ्यांत चिवट गैरसमज. सुधारणा झाल्या म्हणजे जुनं टाकाऊ झालं, असं आपण सायकलपासून चुलीपर्यंत धरून चालतो. वाद्याच्या बाबतीत हिशेब वेगळा असतो, एक मिळतं तेव्हा दुसरं जातं. आजच्या व्हायोलिनच्या तारा मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात. पण त्यांचा सूर दाट आणि लांब राहणारा, मग गायकाला त्याच्यावरून ओरडावं लागतं आणि शब्द झाकोळतात. विनोदी नाटकात शब्द झाकोळला की विनोद मेला. आतड्याच्या तारेचा सूर पटकन बाजूला होतो आणि शब्दाला वाट मोकळी मिळते.

‘फिगारो’च्या चौथ्या अंकातली एक जागा यासाठी ऐकावी. फिगारोला संशय आलाय की नुकतंच लग्न झालेली सुझाना आपल्याला फसवतेय. तो समोरच्या पुरुषांकडे वळून गातो की डोळे उघडा, या बायका कशा असतात ते बघा. शेवटी म्हणतो, बाकीचं मी सांगत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. तो गप्प होतो आणि तेवढ्यात वाद्यवृंदातली हॉर्न, म्हणजे शिंगंच, उसळून वाजतात. युरोपात बायकोनं फसवलेल्या नवऱ्याच्या डोक्यावर शिंगं उगवतात अशी जुनी थट्टा आहे. फिगारोनं तोंडानं टाळलेली गोष्ट शिंगांनी बोलून टाकली! म्हणजे हा विनोद ना शब्दात आहे ना नटाच्या चेहऱ्यात, तो वाद्याच्या जातीत आहे. मोझार्टच्या काळच्या हॉर्नला झडपा नव्हत्या. झडपा 1815 च्या सुमारास आल्या. तोवर ती वळवलेली पितळी नळी होती, ओठांनी आणि भोंग्यात घातलेल्या हातानं सूर काढायचा. तिचा उघडा सूर झणझणीत आणि थोडा उर्मट लागतो. झडपांचं गुळगुळीत हॉर्न तेच स्वर वाजवतं, पण ते सभ्य ऐकू येतं. थट्टा सभ्य झाली की उरतं काय?

याकोब्सच्या ध्वनिमुद्रणात फोर्तेपियानोसुद्धा असाच खोडकर आहे. पात्रं बोलगाण्यात भांडत असतात तेव्हा तो मध्येच टोमणा मारतो, एखाद्याचं वाक्य चिडवत पुढं नेतो. झाडीपट्टीचा ऑर्गनवाला विनोदी नटाच्या वाक्याच्या टोकावर सूर टाकतो, तबलजी थाप देतो, तो प्रकार ज्यांनी ऐकलाय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

‘असला विनोद त्यांचा, आपल्याला त्याचं काय’

बायकोवर उगाच संशय घेणारा नवरा आपल्याला परका नाही. त्याचं नाव ‘संशयकल्लोळ’ नाटकातला फाल्गुनराव. मोलिएरनं 1660 साली ‘स्गानारेल’ नावाचं छोटं प्रहसन लिहिलं. एक तसबीर भलत्याच्या हाती पडते आणि सगळे एकमेकांवर संशय घेऊ लागतात. त्यावरून आयरिश लेखक आर्थर मर्फीनं 1761 मध्ये ‘ऑल इन द राँग’ केलं आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी ‘तसबिरीचा घोटाळा’ मराठीत आणला. फिगारो आणि फाल्गुनराव यांचं रक्ताचं नातं नाही, पण दुखणं एकच.

इथं एक पोटगैरसमज आहे. ‘संशयकल्लोळ’ पहिल्यापासून संगीत नाटक होतं असं पुष्कळांना वाटतं. देवलांचं मूळ नाटक गद्य, 1893 सालचं. पदं नंतर आली. जून 1916 मध्ये देवल वारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गंधर्व नाटक मंडळीनं ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणलं. रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव गणपतराव बोडस. गद्य प्रहसन पदांमुळं जड झालं नाही, उलट टिकलं. विनोदाला सूर मारक असतो म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे.

‘ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक’

अर्धवट खरं. ‘फिगारो’सारख्या इटालियन ऑपेरात गद्य संवादच नसतो. साधी बोलणीही सुरात होतात. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद आणि मध्ये पदं. त्या दृष्टीनं मोझार्टचाच 1791 सालचा ‘जादूची बासरी’ आपल्याला जवळचा, कारण त्यात जर्मन गद्य संवाद आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांना 1880 मध्ये ‘शाकुंतल’ सुचलं तेही ऑपेरा पाहून नव्हे, पुण्यात पाहिलेल्या पारशी कंपनीच्या ‘इंद्रसभा’वरून.

‘ऑर्गन आपला पिढीजात’

पिढीजात खरा, पण फार पिढ्यांचा नाही. पत्तीचा ऑर्गन हे एकोणिसाव्या शतकातलं युरोप-अमेरिकेचं वाद्य, घरातल्या आणि छोट्या चर्चमधल्या प्रार्थनेसाठी केलेलं. दोन्ही पायांनी पायटे दाबायचे, त्यानं भाता हलतो. अमेरिकी पद्धतीच्या ऑर्गनात हवा आत ओढली जाते, पेटीत ती बाहेर ढकलली जाते. ऑर्गनचा सूर जो मऊ आणि गोल लागतो, त्याचं एक कारण हेच. शिवाय हाताच्या पेटीत डावा हात भात्यात अडकलेला असतो, ऑर्गनवर दोन्ही हात मोकळे. गुडघ्याजवळची फळी दाबली की आवाज फुगतो. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन बसला आणि मराठी नाट्यसंगीताचा तो जणू कायमचा आवाज झाला. मैफलीतल्या शुद्धतावाद्यांना मात्र त्याच्या ठरलेल्या, श्रुती न मानणाऱ्या स्वरांचा राग होता. पेटीचे स्वरही तसेच ठरलेले. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती सुमारे तीन दशकं टिकली. त्या काळात पेटीची बाजू गावोगावच्या भजनी मंडळांनी आणि नाटकमंडळींनी राखली, असं माझं मत.

पुण्या-मुंबईत आता पायाचा चालू ऑर्गन शोधावा लागतो. चामडं कोरडं पडतं, उंदीर भाता कुरतडतात, पत्ती बसवणारा हात मिळत नाही. झाडीपट्टीत मात्र ऑर्गन हा अजून रोजचा कामगार आहे, शोभेची वस्तू नाही. तोही पुष्कळदा विजेवर चालणाऱ्या कीबोर्डला जागा देऊ लागला आहे हे खरं. पण वादकाच्या बोटांना जी सवय आहे ती ऑर्गनचीच.

‘जुनी तबकडी म्हणजे जुना प्रयोग’

नाट्यपदांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत. वन्समोर घेत घेत रंगलेलं पद त्यात कोंबायचं म्हणजे आलापी छाटायची, लय चढवायची. 1925 च्या आधी ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोनच नव्हता. भोंग्यासमोर गायचं आणि वादकांनी मागं सरकायचं, तेव्हा तबला धड उमटेना. शिवाय सगळ्या तबकड्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या नसत. वेग चुकला की पट्टी बदलते आणि आपण ‘काय चढा गळा होता!’ म्हणत बसतो. तबकडी हा पुरावा आहे, पण साक्षीदाराला किती दिसत होतं ते तपासून घ्यावं लागतं.

‘खडी गंमत म्हणजे गावठी तमाशा, आणि झाडीपट्टीचं नाटक म्हणजे तेच’

तीन वेगळ्या गोष्टींची ही खिचडी आहे. खडी गंमत उभ्यानं करायची. शाहीर, नाच्या, सोंगाड्या आणि मागून साथ गाणारे झीलकरी. ढोलकी, तुणतुणं, चोनका, टाळ एवढ्या सामानावर गण-गौळणीपासून वगापर्यंत जायचं. ना पडदा, ना मंच, प्रेक्षक सभोवार. बाईचं सोंग पुरुष घेतो. तमाशाशी तिचं नातं आहे, पण बोली झाडीची, लय इथली आणि सवाल-जवाबाची खोडही इथली. विनोद पुढं आणि गाणं त्याच्या हातात हात घालून, त्यामुळं ‘विनोदी ऑपेरा’ या नावाचा या जिल्ह्यातला खरा मानकरी म्हणजे ही खडी गंमत. दंडार त्याहून निराळी, तीत नाच अधिक. झाडीपट्टीचं नाटक हे त्यांच्या नंतरचं. त्यात पडदा आहे, कंपनी आहे, तिकीट आहे, वडसा-देसाईगंजला कंपन्यांची कार्यालयं आहेत. कथा बहुधा कौटुंबिक, रडवणारी. विनोद हा तिच्यातला एक स्वतंत्र, आणि पुष्कळदा वरचढ, धागा. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. झाडीच्या बोलीवर आणि या कलांवर साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर काम केलं. आपल्याकडे कुणी नोंद केलीच नाही, हाही एक गैरसमजच.

‘अस्सल वाद्यं घेतली की अस्सल प्रयोग झाला’

याकोब्सच्या बाजूचे लोकही असा दावा करत नाहीत. 1786 सालचे गळे कुठून आणणार? लय किती द्रुत, गायकानं किती अलंकार घालावे, हे शेवटी आजच्या माणसानंच ठरवलेलं. काही रसिकांना त्यांचा फोर्तेपियानो फार बडबड करतो असंही वाटतं, आणि मलाही एखाद्या ठिकाणी वाटतं. शिवाय ते ध्वनिमुद्रण स्टुडिओतलं. विनोदी नाटकाचं अर्धं वाद्य म्हणजे प्रेक्षकाचं हसू, ते त्यात नाही.

खडी गंमतीचं नीट ध्वनिमुद्रण करायचं तर म्हणूनच उलटं करावं लागेल. फड स्टुडिओत नेऊ नये, मंडईतच ठेवावा. ऑक्टोपॅड आणि कर्णे तेवढ्यापुरते बंद. तुणतुण्याचा आवाज ढोलकीखाली दबतो, म्हणून एक मायक्रोफोन झीलकऱ्यांच्या बाजूला जवळ, दुसरा प्रेक्षकांकडे तोंड करून. वग तोडून तीन मिनिटांचे तुकडे करायचे नाहीत, सोंगाड्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागू द्यायचा. नाटकाचं करायचं तर माईक ऑर्गनच्या भात्याजवळ नको, पायट्यांची खटखटच जास्त येईल. मागून, पत्तीच्या बाजूनं धरायचा. नुसतं ऐकायलाच जायचं असेल तर लाखांदूर, साकोली, लाखनी, पवनी यांतला कुठलाही तालुका चालेल. दिवाळीपासून होळीपर्यंत कुठं ना कुठं पाट्या लागलेल्या असतात. जागा मात्र पुढं धरावी, वादकांच्या शेजारी. मागं बसलं की फक्त कर्णा ऐकू येतो.