पोटरीतला गोळा आणि खिशातली विडी

सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर असे वडीलधारे हमखास दिसतात. शंभर पावले चालतात, थांबतात, पोटरी चोळतात. दोन-चार मिनिटांत बरे वाटते, पुन्हा निघतात. विचारले तर म्हणतात, “वय झालं बाबा, वात आहे.” आणि थांबल्या जागी विडी शिलगावतात. आम्हाला आज त्या विडीविषयीच बोलायचे आहे.

चालताना येणारा आणि थांबताच जाणारा पोटरीतला गोळा हा बहुधा वात नसतो. पायाला रक्त कमी पडत असल्याची ती खूण असते. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या म्हणजे धमन्या. तंबाखूचा धूर, मधुमेह, वाढलेला रक्तदाब यांमुळे त्यांच्या आत चरबीचा थर बसतो व वाट अरुंद होते. बसल्या पायाला तेवढे रक्त पुरते, चालत्या पायाला पुरत नाही.

तरुणांचा वेगळा आजार म्हणजे बर्जरचा रोग. न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, विशेषतः पंचेचाळिशीच्या आतल्या पुरुषांना तो गाठतो. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजतात, आत रक्त गोठते, बोटे काळी पडतात. आधी बोट कापावे लागते, मग पाऊल. हातावर पोट असलेल्या घरात कर्त्याचा पाय गेला की चूलच विझते. विडी पूर्ण सोडली तर बहुतेकांचा पाय वाचतो. मात्र दिवसाला एक-दोन ठेवल्या तरी रोग हटत नाही.

घरच्यांनी काय पाहावे?

पाऊल गार पडणे, बोटांचा रंग बदलणे, जखम न भरणे, रात्री पाय दुखून तो खाटेखाली लोंबता ठेवावासा वाटणे, ही लक्षणे दिसताच सरकारी रुग्णालय गाठा. दंडाचा व घोट्याचा रक्तदाब ताडून पाहिला की बरेच कळते. गरम विटेचा शेक देऊ नका. बधिर पाय भाजतो व जखम चिघळते. पाय अचानक पांढरा, गार आणि बधिर झाला तर सकाळची वाट पाहू नका, काही तासांत पाय हातचा जातो. जखम नसेल तर डॉक्टरांना विचारून रोज चाला: दुखले की थांबा, राहिले की पुन्हा चाला. हेही औषधच आहे.

बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने किती छळले, हे आपण जाणतो. ते दुखणे घेऊनही ते आपल्यासाठी झटत राहिले. आपण मात्र विडी ओढून आपले धड पाय गमावतो.

काही जण म्हणतात, पाचव्या शीलात दारू आहे, विडी कुठे आहे? बंधूंनो, शील हे पळवाट शोधण्यासाठी घेतलेले नसते. येत्या रविवारी विहारात याल तेव्हा खिशातले बंडल बाहेरच टाकून या. पुढच्या सहा डिसेंबरला न थांबता चालायचे आहे.