हातगुण की कारण? : दालचिनीच्या मऊ कुकीची चिकित्सा

ज्या व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांची चर्चा व्हावयाची, तेथे दालचिनी-साखरेत घोळलेल्या एका लहानशा खाऊसाठी जागा खर्च करावी काय, अशी शंका कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. ही शंका आम्ही अस्थानी मानीत नाही. परंतु स्वयंपाकघर ही घरातील सर्वांत जुनी प्रयोगशाळा होय. आणि तेथील यशापयशाकडे पाहण्याची आपली रीत मात्र प्रयोगशाळेची नाही. पदार्थ साधला तर ‘हाताला चव आहे’ म्हणावयाचे आणि बिघडला तर ‘हिच्या हातून एक गोष्ट धड होत नाही’ म्हणून मोकळे व्हावयाचे, अशी ही रीत आहे. पहिल्या वाक्यात कौतुक आहे, दुसऱ्यात अन्याय आहे. कारणाचा शोध मात्र कोठेच नाही. तेव्हा सोपा, पण फसण्यास सदैव तयार असलेला एखादा पदार्थ घेऊन त्याची कारणे उलगडून पाहावीत, एवढाच आमचा हेतू आहे.

अमेरिकेत ‘स्निकरडूडल’ या गमतीदार नावाची कुकी घरोघरी करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव तेथील पाककृतींत दिसू लागते. नावाचा संबंध काही जण गोगलगाईच्या आकाराच्या एका जर्मन गोड पावाशी जोडतात. काहींच्या मते ते केवळ तोंडाला गंमत वाटावी म्हणून पडलेले निरर्थक नाव आहे. नावाचे काही असो. वरून साखर-दालचिनीचे खरखरीत कवच, त्याला पडलेल्या भेगा, कडेला किंचित कडकपणा आणि आत दाताखाली जराशी ओढ देणारा मऊपणा, ही तिची लक्षणे होत. आपल्या भाषेत नानखटाईसाठी ‘खुसखुशीत’, शेवेसाठी ‘कुरकुरीत’, केकसाठी ‘लुसलुशीत’ असे नेमके शब्द आहेत. या ओढ देणाऱ्या मऊपणाला तसा तयार शब्द नाही. आपण त्याला ‘चिवटसर मऊपणा’ म्हणू आणि पुढे जाऊ.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला म्हणजे अर्धे काम झाले. ‘बिस्किट’ याचा मूळ अर्थ ‘दोनदा भाजलेले’ असा आहे. ओलावा उडवून टिकाऊ करणे हाच त्याचा जन्महेतू. उलट ‘कुकी’ हा डच भाषेतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ ‘छोटा केक’ असा होतो. म्हणजे बिस्किटातून पाणी घालवावयाचे असते आणि कुकीत ते राखावयाचे असते. ही कुकी घरी फसते ती बहुधा एवढ्यासाठीच की, आपण कुकी करावयास बसतो आणि बिस्किट करून उठतो.

प्रमाण आधी सांगून टाकतो. कारणे मागाहून पाहू. मैदा १७५ ग्रॅम, पांढरी साखर १०० ग्रॅम, तांबूस साखर किंवा गुळाची बारीक भुकटी ५० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, एक अंडे, एक सपाट चहाचा चमचा क्रीम ऑफ टार्टर, त्याच मापाने अर्धा चमचा खाण्याचा सोडा. आणि लोणी बिनमिठाचे असल्यास चिमूटभर मीठ. वरून घोळण्यासाठी दोन मोठे चमचे साखर व दीड चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, दालचिनीची पूड. एवढ्यात सुमारे १६ कुकी होतात.

आता पाण्याचा हिशेब मांडू. वरच्या यादीत पाणी कोठेच नाही, असे वाटेल. पण ते आहे. बाजारातील लोण्यात शेकडा ८० भाग स्निग्धांश असतो आणि सुमारे १६ भाग पाणी असते. म्हणजे ११५ ग्रॅम लोण्याबरोबर सुमारे १८ ग्रॅम पाणी आत येते. मध्यम आकाराच्या अंड्यातून आणखी ३५ ते ४० ग्रॅम येते. या दोहोंवर कुकीचा मऊपणा उभा आहे. आपल्याकडे लोणी नसले की, सढळ हाताने तूप घालतात. तूप म्हणजे कढवून पाणी काढून टाकलेले लोणी. ते घातले की, पाण्याचा मोठा वाटा गेला आणि नुसता स्निग्धांश उरला. हा स्निग्धांश मैद्याच्या कणांभोवती लेप देतो व त्यातील चिकट तंतू जुळू देत नाही; परिणामी पदार्थ भुरभुरीत होतो. नानखटाईत आपल्याला हेच हवे असते, म्हणून तेथे तूपच योग्य. येथे मात्र तेच तूप घात करते. करणाऱ्याचा हात दोन्ही वेळा एकच होता. फरक पाण्याचा होता.

ज्या घरी अंडे चालत नाही, तेथे पाणी निथळलेले घट्ट दही ५० ग्रॅम घ्यावे. चव चांगली येते. परंतु अंड्यातील प्रथिने उष्णतेने आळून जो बांधा देतात, तो दह्याने तितकासा येत नाही. कुकी थोडी केकसारखी होते. हे आधी ठाऊक असले म्हणजे मागाहून हळहळ वाटत नाही.

पाणी आत आले, तरी ते टिकले पाहिजे. हे काम साखरेचे. साखर पाणी धरून ठेवते. पण नुसती पांढरी साखर थंड होताना पुन्हा कण बांधू लागते आणि पदार्थ कडक होतो. यावरील उपाय आपल्या हलवायांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. पाक साखरू नये म्हणून ते त्यात लिंबाचे चार थेंब पिळतात. आंबटाच्या योगाने साखरेच्या काही भागाचे दोन साध्या साखरांत विघटन होते आणि त्या मधे आल्या की, मूळ साखरेचे कण सहजासहजी जुळत नाहीत. गुळात व तांबूस साखरेत अशा साध्या साखरा मुळातच असतात. शिवाय त्या हवेतील ओलावाही ओढून घेतात. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते, ते याच कारणाने. म्हणून एकूण साखरेचा तिसरा हिस्सा गुळाचा घ्यावयाचा. त्याहून अधिक घेतला तर दालचिनीचा वास गुळाखाली दबतो.

क्रीम ऑफ टार्टर हे नाव परके वाटते. पण हा पदार्थ आपल्या ओळखीच्या आंबटाचाच आप्त आहे. चिंचेला आंबटपणा देणारे जे टार्टारिक आम्ल, त्याचा हा पोटॅशियमयुक्त क्षार. द्राक्षांचे मद्य मुरताना पिंपाच्या कडांवर तो साचतो. त्याची व सोड्याची ओलाव्यात गाठ पडली की, कर्बवायू सुटतो आणि कुकी फुगते. शिवाय तिला जी किंचित आंबूस छटा असते, तीही याचीच. तो न मिळाल्यास हा व सोडा दोन्ही वगळून दीड चमचा बेकिंग पावडर घालावी. कुकी फुगेल, परंतु ती आंबूस छटा राहणार नाही.

कृतीत दोन जागा अडखळण्याच्या आहेत. पहिली लोण्याची. इंग्रजी पुस्तकांत ‘खोलीच्या उष्णतेचे लोणी’ असे लिहिलेले असते. ती खोली थंड मुलखातली, सुमारे २० अंशांची असते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात खोलीचे तपमान ३५ अंशांच्या पुढे जाते आणि त्या उष्णतेत लोणी पातळ होते. असे लोणी घातलेली कुकी भट्टीत शिरताच पसरते आणि पापडासारखी पातळ होऊन करपते. म्हणून लोणी बोटाने दाबले असता खळगा पडेल, पण चकाकणार नाही, इतपतच मऊ असावे. ते साखरेशी एकजीव होईपर्यंतच फेटावे. फार फेटल्यास हवा भरून कुकी केकसारखी होते. मग अंडे घालावे. मैदा, सोडा, टार्टर व मीठ एकत्र चाळून त्यात मिसळावे आणि कोरडे पीठ दिसेनासे होताच हात आवरावा. पोळीच्या कणकेप्रमाणे मळू नये. मळण्याने चिकट तंतू बळावतात आणि चिवटसर मऊपणाचा निव्वळ चिवटपणा होतो. हा गोळा अर्धा-पाऊण तास शीतकपाटात ठेवावा. नंतर सुमारे ३० ग्रॅमचे, मोठ्या लिंबाएवढे गोळे करून ते दालचिनी-साखरेत घोळवावेत आणि ताटात दोन-दोन इंच अंतरावर मांडावेत. कच्चे पीठ मात्र चाखू नये, मुलांना चाटू देऊ नये. २००९ साली अमेरिकेत कुकीचे कच्चे तयार पीठ खाल्ल्याने जंतुबाधेची साथ उद्भवली होती.

दुसरी जागा भट्टीची, आणि खरी कसोटी तेथेच आहे. भट्टी १८० अंशांवर पुरती तापवून १० ते ११ मिनिटे भाजावे. घरगुती भट्टीच्या खुंटीवरचा आकडा आणि आतली उष्णता यांत पुष्कळदा तफावत असते. तपमापक नसेल तर साखरेने परीक्षा करावी. साखर सुमारे १८६ अंशांवर वितळते. वाटीभर नव्हे, चमचाभर साखर धातूच्या बशीत घालून भट्टी १७५ वर १५ मिनिटे ठेवावी. ती वितळू लागली तर भट्टी आकड्याहून जास्त तापते. मग दुसरी साखर १९० वर तितकाच वेळ ठेवावी. ती जशीच्या तशी राहिली तर भट्टी कमी तापते. एकदा हा फरक कळला म्हणजे तो भिंतीवर लिहून ठेवावा.

केव्हा काढावे? कडा आळलेल्या, वर भेगा पडलेल्या आणि मधला भाग अजून कच्चा वाटतो आहे, अशा वेळी. येथे धीर सुटतो. मधला भाग कच्चा दिसतो म्हणून आणखी चार मिनिटे ठेवण्याचा मोह होतो आणि त्या चार मिनिटांत राखलेले सारे पाणी उडून जाते. वस्तुतः बाहेर काढल्यावरही तापलेल्या ताटावर भाजण्याची क्रिया काही मिनिटे चालूच राहते. फुगलेला मधला भाग हळूहळू खाली बसतो, दाट होतो आणि त्या दाटपणातच ती ओढ निर्माण होते. पाच मिनिटे ताटातच राहू द्यावे, मग जाळीवर काढावे. पूर्ण निवल्यावर झाकणबंद डब्यात ठेवून सोबत पावाची एक ताजी चकती ठेवावी. दुसऱ्या दिवशी पाव कडक झालेला आणि कुकी मऊ राहिलेली आढळते. कारण पावातील ओलावा साखरेने ओढून घेतलेला असतो.

राहिली दालचिनी. हा भाग चवीपुरता नाही. ‘दालचिनी’ हा शब्द फारसी ‘दारचिनी’पासून आला, त्याचा अर्थ ‘चीनचे लाकूड’. बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या साली येतात. खरी दालचिनी मुख्यत्वे श्रीलंकेची. तिच्या कागदासारख्या पातळ अनेक पापुद्र्यांची सुरळी असते आणि ती बोटांनी चुरडते. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही तिचीच जात प्रसृत केली आहे. दुसरी साल चीन, इंडोनेशिया, व्हिएतनाम येथील. ती जाड, कठीण, एकेरी असते. आपल्या अन्नमानकांत तिला ‘तज’ असे वेगळे नाव आहे. दुकानात मात्र ती बहुधा दालचिनी म्हणूनच मिळते. तिचा वास उग्र असतो आणि तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. ते दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेल्यास काही व्यक्तींच्या यकृतास इजा करू शकते. २००६ साली जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने याविषयी इशारा दिला होता. नाताळातील दालचिनीच्या बिस्किटांचा प्रश्न त्या वेळी चर्चेत आला.

हिशेब आपणच करून पाहू. युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दररोज चालण्याजोगी मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठरविली आहे. १५ किलो वजनाच्या मुलास ती दीड मिलिग्रॅम झाली. तजाच्या एका ग्रॅमात सरासरीने ३ मिलिग्रॅम कुमारिन धरले, तर ४ ग्रॅमांत १२ आणि प्रत्येक कुकीत पाऊण मिलिग्रॅम. म्हणजे त्या मुलाची मर्यादा दोन कुकींतच भरली. सणावारी चार खाल्ल्या तर बिघडत नाही, कारण ही मर्यादा रोजच्या, वर्षानुवर्षांच्या सेवनाची आहे. परंतु डब्यात रोज द्यावयाच्या असतील तर पातळ पापुद्र्यांचीच साल आणावी. तिच्यात कुमारिन नाममात्र असते. आणि ती अखंड आणून घरी कुटावी. पूड झाल्यावर दोन्ही साली डोळ्यांना सारख्याच दिसतात.

सारांश, लोण्यातले पाणी, गुळाची ओढ, चिंचेच्या नात्यातला आंबटपणा, खोलीची उष्णता आणि चार मिनिटांचा संयम, अशा मोजता येण्याजोग्या गोष्टींनी ही कुकी साधते किंवा फसते. मग हातगुण खोटाच काय? तसे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या हाताला चव आहे, त्यांना ही कारणे अनुभवाने बोटांत उतरलेली असतात. फक्त ती शब्दांत मांडलेली नसतात, म्हणून ती पुढच्या हातांत जात नाहीत. ती मांडली म्हणजे सून असो, मुलगी असो, की प्रथमच स्वयंपाकघरात पाऊल टाकणारा मुलगा असो, कोणालाही ती घेता येतात. तेव्हा पुढच्या खेपेस घरात काही बिघडले तर ‘कोणी बिघडवले?’ हा प्रश्न बाजूस ठेवून ‘कशाने बिघडले?’ एवढे विचारावे, आणि मिळालेले उत्तर वहीत टिपून ठेवावे. इतके सांगून हा विषय आम्ही आटोपता घेतो.