काढ्यातली चांदी

कडुनिंबाचे झाड आपल्यापैकी कोणालाच नवे नाही. जबलपूरच्या गोहलपुरात असो, पुण्याच्या पाषाणात असो की मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात, ते दारात नाहीतर रस्त्याच्या कडेला उभे असतेच. पाडव्याला त्याची पाने आपण तोंड वाकडे करून खातो. आपल्या आज्या ती धान्याच्या कणगीत घालीत. याच पानांच्या काढ्याने चांदीचे आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कण सिद्ध करता येतात, असे २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

अतिसूक्ष्म म्हणजे किती? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. हे कण शंभर नॅनोमीटरांहूनही लहान. इतके बारीक करून साधते काय, असे कोणी विचारील. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा घ्या. त्याचे वजन साधारण एक तोळा आणि पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर भरेल. चांदी तेवढीच, परंतु बाहेरच्या जगाशी तिचा संबंध दहा लाख पटींनी वाढला. धातूचे व्यवहार पृष्ठभागावरच चालतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या कणांचे सामर्थ्य कशात आहे ते उमगते.

आता कृती पाहू. पाने स्वच्छ धुऊन, चिरून, शुद्ध पाण्यात काही मिनिटे उकळायची आणि काढा गाळून घ्यायचा. दुसऱ्या भांड्यात सिल्व्हर नायट्रेट या क्षाराचे पातळ द्रावण करायचे. लिटरभर पाण्यात साधारण ०.१७ ग्रॅम क्षार पुरतो. दोन्ही एकत्र केली की द्रावण हळूहळू पिवळे आणि मग तपकिरी होऊ लागते. चांदी अर्थातच पानात नव्हती. ती क्षारातून आली. मात्र क्षारात ती विद्युत्भारित, इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत होती. पानातील शर्करा, टर्पिनॉइडे यांसारखी द्रव्ये तिला इलेक्ट्रॉन परत देतात. चांदीचे अणू सुटे होतात, एकमेकांना बिलगतात आणि कण वाढू लागतो. तो वाढतच राहिला तर तळाशी नुसता गाळ बसेल. पण त्याच काढ्यातील काही द्रव्ये कणाभोवती वेष्टन घालून त्याची वाढ रोखतात. कण घडवणे आणि त्याला आवरणे ही दोन्ही कामे एकच काढा करतो. मला या पद्धतीचे मर्म येथेच दिसते.

एरवी या कामासाठी हायड्रॅझिनसारखी विषारी रसायने वापरावी लागत. ‘लागत’ म्हटले खरे, पण ते पूर्णांशाने बरोबर नाही. १९५१ साली टर्केविच या शास्त्रज्ञाने सोन्याचे कण सायट्रेटने, म्हणजे लिंबातल्या आम्लाच्या क्षाराने घडविले होते, आणि त्याही आधी, १८५७ साली, मायकेल फॅरडेने फॉस्फरसच्या साह्याने सोन्याचे माणकासारखे लाल द्रावण केले होते. सोने लाल दिसावे याचे कारण असे, की इतक्या लहान कणातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकसाथ हेलकावे घेतात आणि त्यातला हिरवा भाग शोषून घेतात. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत उमटणारी तांबडी रेघ बहुधा अशाच सोनेरी कणांची असते.

पुण्याच्याच मंडळींनी गवती चहाच्या जातीच्या गवताच्या काढ्यातून सोन्याच्या त्रिकोणी चकत्या मिळविल्या, त्याही २००४ सालीच. या चकत्या अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण, शोषून घेतात. त्याआधी, २००१ च्या सुमारास, हेच संशोधक बुरशीकडून धातूचे कण करवून घेत होते. त्याला दिवस लागत, पानांना काही तास पुरले.

चांदीच्या कणांचा मुख्य उपयोग जंतूंचा नाश करण्यासाठी होतो. कणांपासून चांदीचे भारित अणू सावकाश सुटतात आणि जीवाणूंच्या प्रथिनांना निकामी करतात. म्हणून जखमेवरच्या पट्ट्यांत आणि पाणी शुद्ध करण्याच्या साधनांत त्यांना स्थान मिळाले. २००९ साली टाटांनी आणलेल्या ‘स्वच्छ’ या जलशुद्धी यंत्रात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे कण बसविले होते. ते विजेवाचून चाले. तेथे वनस्पतीकडे कण घडविण्याचे नव्हे, तर त्यांना धरून ठेवण्याचे काम होते, हा भेद मात्र विसरू नये.

आता दोन अडचणी सांगितल्या पाहिजेत. पहिली पानाचीच. ज्येष्ठातले पान आणि श्रावणातले पान सारखे नसते. माती बदलली, झाडाचे वय बदलले, की काढ्यातील द्रव्यांचे प्रमाण बदलते आणि त्याबरोबर कणांचा आकारही. वैद्याला एवढा फरक चालेल. कारखानदाराला प्रत्येक घाणीत तोच कण हवा असतो. शेकडो वनस्पतींवर प्रयोग होऊनही बाजारात त्या मानाने फारच थोडे उतरले, याचे हे एक मोठे कारण आहे. नव्या झाडाचे नाव घालून तोच प्रयोग पुन्हा करण्यापेक्षा एका कडुनिंबाच्या काढ्यातले कोणते द्रव्य नेमके काय करते याचा छडा लावणे मला अधिक मोलाचे वाटते.

दुसरी अडचण ‘हरित’ या विशेषणाची. ते कण बनविण्याच्या रीतीला शोभते; बनलेल्या कणाला ते लावता येईलच असे नाही. चांदी पानाच्या काढ्याने घडविली तरी ती चांदीच. २००८ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातले चांदीयुक्त पायमोजे पाण्यात खळबळून पाहिले. काही मोज्यांनी चार धुण्यांत जवळजवळ सगळी चांदी पाण्यात सोडली, तर काहींनी एक टक्काही सोडली नाही. मोज्यांतून सुटलेली चांदी सांडपाण्यात जाते, आणि सांडपाणी शेवटी कोठल्यातरी नदीला मिळते. जबलपुरात ती नदी नर्मदा आहे. तेथील माशांना आणि उपयुक्त जीवाणूंना, कण काढ्याने केला की हायड्रॅझिनने, याचे सोयरसुतक नसते. चांदी धाग्यात किती घट्ट बसली आहे, यावरच त्यांचे बरेवाईट अवलंबून असते.