घरचा पट आणि संघटनेचा पट

तुमच्या ओळखीत एखादे तरी गृहस्थ असे असतील की, जे बुद्धिबळात आजवर कधी हरलेले नाहीत. वाड्यात, कचेरीत, लग्नाच्या जानवशाच्या घरी, जिथे पट मांडला जाईल तिथे त्यांचाच डाव. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असा गृहस्थ म्हणजे मी होतो. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत माझी अशी प्रामाणिक समजूत होती की, मला बुद्धिबळ येते. मग एका मंगल कार्यालयात भरलेल्या स्पर्धेत मी नाव घातले आणि पहिल्याच फेरीत माझ्यासमोर नऊ वर्षांची एक मुलगी येऊन बसली. खुर्चीवर बसून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

आठव्या चालीला मी किल्लेकोट करायला निघालो. घरी आम्ही आधी हत्ती उचलून राजाशेजारी ठेवायचो आणि मग राजाला त्याच्यावरून पलीकडे न्यायचो. तसाच मी हत्ती उचलला. मुलीने एका हाताने घड्याळ थांबवले, दुसरा हात वर केला आणि पंचांना बोलावले. पंच म्हणाले, “सर, आपण हत्तीला हात लावलात, आता हत्तीचीच चाल करावी लागेल.” किल्लेकोट ही राजाची चाल; राजा आधी उचलायचा, दोन घरे न्यायचा, मग त्याच हाताने हत्ती. मला हत्ती एक घर सरकवावा लागला, राजा मधोमध उघडा राहिला, आणि विसाव्या चालीच्या आत मी हात पुढे करून डाव सोडला. मुलगी उठून बाहेर आईकडे डबा खायला गेली.

हे सांगण्याचे कारण असे की, वाचकहो, घरचा पट आणि संघटनेचा पट यांत फरक असतो, आणि तो फरक बुद्धीपेक्षा माहितीचाच जास्त असतो. आपल्याकडे तर घरचे नियमही निराळे होते. आपल्या आजोबांच्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई, किल्लेकोट नव्हता, शह न बसलेल्या राजाला एकदा घोड्याची उडी मारता येई, आणि प्याद्याने केलेली मात ही सगळ्यांत मानाची. खेळ वाईट होता असे नव्हे. पण तो आपल्यापुरता होता. पंजाबातले मीर सुलतान खान हे असलाच देशी खेळ शिकून विलायतेस गेले, तिथले नियम नव्याने शिकले, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकून आले. नियम बदलले म्हणून अक्कल वाया जात नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

आता संघटना म्हणजे काय ते पाहू. जगातल्या देशोदेशींच्या संघटनांची मिळून एक मोठी संघटना आहे, तिला फिडे म्हणतात. ती १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. तिच्या खाली आपला अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ, स्थापना १९५१. त्याच्या खाली राज्याची संघटना, आणि राज्याच्या खाली जिल्ह्याची. महासंघाच्या वतीने पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातल्या एलुरू येथे झाली, आणि त्या वेळी रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले. तेव्हापासूनची गणती करायची, तर १९६१ साली मॅन्युएल एरन पहिले भारतीय इंटरनॅशनल मास्टर झाले, १९८८ साली विश्वनाथन आनंद पहिले ग्रँडमास्टर झाले, आणि २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ८८ व्या भारतीय ग्रँडमास्टर झाल्या. सदतीस वर्षांत एकाचे अठ्ठ्याऐंशी. यांतले प्रत्येक नाव केव्हातरी कुठल्यातरी जिल्ह्याच्या यादीत पहिल्यांदा लिहिले गेलेले होते.

बायकामुलींना मात्र यादीत नाव असूनही दार उघडून घ्यावे लागले, हे विसरू नये. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठा गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि फिडेचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्री आहे म्हणून कोणाला वगळता येणार नाही. आज एखादी मुलगी खुल्या गटात मजेत खेळताना दिसते, आणि माझ्यासारख्याला हरवते, ते त्या भांडणाच्या पुण्याईवर.

सभासद व्हायचे कसे? पूर्वी जिल्ह्याच्या चिटणिसांच्या घरी जाऊन अर्ज भरावा लागे. आता महासंघाच्या संकेतस्थळावर घरबसल्या नोंदणी होते. फोटो लागतो, जन्माचा दाखला लागतो, वर्षाची फी भरावी लागते. हे वर्ष एप्रिल ते मार्च असे धरतात, म्हणून फेब्रुवारीत घाई करून फी भरणाऱ्याने जरा विचार करावा. नोंदणी झाली की महासंघाचा क्रमांक मिळतो, आणि फिडेचाही एक क्रमांक मिळतो. हा दुसरा क्रमांक जन्मभराचा. तेव्हा नाव लिहिताना काळजी घ्या. शाळेत ‘बाळासाहेब’, दाखल्यावर ‘बाळू’ आणि स्पर्धेच्या अर्जावर आडनाव आधी, असे केलेत तर एकाच माणसाचे तीन खेळाडू होतात आणि तिघांचेही गुण तिसरीकडेच जातात. आणखी एक. आपल्याकडे जिथे संघटना तिथे तट. एखाद्या जिल्ह्यात दोन संघटना एकाच नावाने पावत्या फाडत असतात. राज्य संघटनेकडे चौकशी करून मान्यता कोणाला आहे ते आधी विचारावे, मग पैसे द्यावेत. यात लाजण्यासारखे काही नाही.

जन्मतारखेबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचे आहे. राष्ट्रीय पातळीवर मुलांचे गट असतात सात, नऊ, अकरा, तेरा, पंधरा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे, आणि वय मोजतात ते त्या वर्षीच्या १ जानेवारीला. दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात एक मुलगा आला. गाव लहान, वडील रोजाने जाणारे. हा पारावर म्हाताऱ्यांशी खेळून शिकलेला. मी त्याच्याशी पाच डाव खेळलो आणि पाचही हरलो, आणि तोवर मी स्पर्धांतून बरा घासून निघालो होतो. त्याला २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या जिल्हा निवडीला पाठवावे असे मी ठरवले. त्या वर्षीची अट, जन्म १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतरचा. मुलाची आई सांगते, हा २००५ च्या फेब्रुवारीतला, गव्हाच्या काढणीतला. पण पहिलीत लवकर बसावा म्हणून शाळेत तारीख लिहिली होती १ जून २००४. आपल्या खेड्यापाड्यांतून निम्मी पिढी १ जूनला जन्मलेली आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. जन्माची वेगळी नोंद कुठे नव्हती. पंचांनी कागद पाहिला, आणि कागदाप्रमाणे जे करायचे तेच केले. मुलगा काही बोलला नाही. परतीच्या एस.टी.त त्याने मला एवढेच विचारले, “सर, हे गट सात वर्षांपासून असतात, हे आमच्या गावात कुणालाच कसं माहीत नव्हतं?” मी इतिहास शिकवतो; उत्तरे देण्याची मला सवय आहे. पण त्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

तुमच्या घरात, आळीत, वर्गात असे एखादे पोर असेल, तर त्याचा दाखला आजच बाहेर काढून पाहा.

स्पर्धेत काय होते ते आता सांगतो. दीडशे-दोनशे खेळाडू असतात आणि तरी कोणी पहिल्या दिवशी घरी जात नाही, याचे नवख्याला आश्चर्य वाटते. ही स्विस पद्धत. ती १८९५ साली झुरिकमध्ये प्रथम वापरली गेली. चौसष्ट जणांनी प्रत्येकाशी खेळायचे म्हटले तर त्रेसष्ट फेऱ्या होतील. बाद पद्धत लावली तर सहा फेऱ्यांत निकाल, पण पहिल्याच फेरीत बत्तीस जण वाटेला लागतील. स्विस पद्धतीत प्रत्येक फेरीला ज्याचे जितके गुण, त्याची गाठ साधारण तितक्याच गुणांच्या खेळाडूशी घालतात. जिंकणारा वर सरकतो, हरणारा खाली, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून प्रत्येकाला आपल्या तोलाचा माणूस भेटू लागतो. पहिल्या फेरीत मात्र यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. म्हणजे नवख्याने पहिला डाव हरायच्या तयारीनेच जावे. मी सात फेऱ्यांत तीन गुण मिळवले. पुष्कळ झाले.

नियम तसे थोडेच आहेत, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. ज्या मोहऱ्याला हात लावला त्याचीच चाल. मोहरे घरात तिरपे बसले असेल तर ‘नीट करतो’ असे आधी म्हणायचे, मग हात लावायचा. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. दीर्घ डावांत बहुधा प्रत्येकाला नव्वद मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे तीस सेकंद जादा मिळतात. म्हणजे एक डाव तीन-चार तास सहज चालतो. नियमबाह्य चाल एकदा झाली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा, दुसऱ्यांदा झाली तर डावच गेला. राजाला शह नाही आणि हलायलाही काही नाही, अशी अवस्था झाली तर डाव बरोबरीत. घरी जे काही मानत असाल ते तिथे सांगू नका. बरोबरी सुचवायची ती आपली चाल केल्यावर आणि घड्याळ दाबण्यापूर्वी. आणि खिशात मोबाईल सापडला, मग तो वाजो न वाजो, तर डाव जाऊ शकतो. माझ्या पाहण्यात एका प्राध्यापकाचा गेला आहे. तो मी नव्हे, पण बाजूच्याच पटावर होतो.

चाली लिहिणे हे सगळ्यांत कंटाळवाणे वाटते आणि सगळ्यांत उपयोगी पडते. उभ्या ओळींना ए पासून एच पर्यंत अक्षरे, आडव्यांना १ ते ८ आकडे, म्हणजे चौसष्ट घरांना चौसष्ट पत्ते झाले. राजा के, वजीर क्यू, हत्ती आर, उंट बी. घोड्यासाठी मात्र एन, कारण के राजाने आधीच अडवला. प्याद्याला अक्षर नाही, नुसते घर लिहायचे. दीर्घ डावांत हे लिखाण सक्तीचे असते, आणि चाल पटावर केल्यावर लिहायची, आधी लिहून मग करायची नाही. आठ दिवसांत हात बसतो. संध्याकाळी तो कागद घेऊन डाव पुन्हा मांडला, की आपण कुठे शहाणपणा केला आणि कुठे मूर्खपणा, हे कोणी न सांगता कळते. घरच्या पटावर हरलेला डाव विसरता येतो. इथे तो आपल्याच अक्षरात शिल्लक राहतो.

राहिले रेटिंग. पालकांचा सगळा जीव याच आकड्यात अडकलेला असतो, म्हणून तो नीट समजावून घ्या. ही पद्धत बसवली आर्पाद एलो नावाच्या, हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी. फिडेने ती १९७० साली घेतली. रेटिंग असलेल्या निदान पाच खेळाडूंशी डाव झाले की तुमचा पहिला आकडा ठरू शकतो. २०२४ पासून यादीतला सर्वांत खालचा आकडा १४०० ठेवला आहे. पुढचा हिशेब असा. समजा तुमचे १५०० आणि समोरच्याचे १७००. दोनशेच्या फरकात त्याने शंभरांत शहात्तर गुण मिळवावेत आणि तुम्ही चोवीस, अशी अपेक्षा धरतात. तुम्ही हरलात, तर अपेक्षेपेक्षा फार वाईट काही केले नाही. वीसच्या गुणकाने सुमारे पाचच गुण जातील. जिंकलात तर पंधरा मिळतील. नवख्यांना आणि अठरा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना हाच गुणक चाळीस असतो, म्हणून त्यांचे आकडे पाळण्यासारखे वरखाली होतात. तो पाळणा पाहून बाहेर मांडवात बसलेले वडील जेव्हा पोराच्या पाठीत धपाटा घालतात, तेव्हा मला फार राग येतो. दहा वर्षांचे पोर चार तास एका जागी बसून विचार करते आहे, ही काय लहान गोष्ट आहे? आपण स्वतः चार तास कुठे बसलो होतो, सिनेमा सोडून?

खर्चाचेही बोलले पाहिजे. नोंदणीची फी वेगळी, प्रत्येक स्पर्धेची प्रवेश फी वेगळी, त्यावर एस.टी., राहणे, जेवण, आणि मूल लहान असेल तर एका माणसाची बुडालेली मजुरी. हा गरिबांचा खेळ, एक पट आणला की झाले, असे आपण म्हणतो. खेळ गरिबांचा आहे, स्पर्धा तितकी नाही. म्हणून सुरुवात आपल्या तालुक्यातल्या वा जिल्ह्यातल्या एक दिवसाच्या जलद स्पर्धेपासून करावी, शक्य तर एखाद्या मंडळाच्या आश्रयाने. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ आयुष्यभर चालवले आणि त्या गावाला बुद्धिबळाचे गाव केले. मोठ्या शहराची त्यासाठी गरज लागली नाही. एक खोली, दहा पट आणि रोज संध्याकाळी कुलूप उघडणारा एक माणूस एवढ्यावर मंडळ चालते. आमच्या कॉलेजात मी तेच करतो आहे. कुलूप माझ्याकडे असते.

तो मुलगा आता वयोगटाच्या बाहेर गेला. पण खुल्या स्पर्धेला वय विचारत नाहीत. २०२४ च्या दिवाळीत त्याची नोंदणी केली, शाळेतल्याच तारखेने. आता त्याचे १६०० च्या पुढे रेटिंग आहे आणि माझे त्याच्या बरेच खाली. येत्या रविवारी शेजारच्या जिल्ह्यात स्पर्धा आहे. प्रवेश फीची त्याची निम्मी रक्कम त्याने स्वतः आणून दिली. पहाटे पाचच्या एस.टी.ने आम्ही दोघे निघणार. पहिली फेरी साडेनऊला आहे.